चर्चा: चूक कबूल न करणाऱ्यालाही माफ करावं का?

बार्देशची लेक

नमस्कार मंडळी. बरेच महिने मनात घोळतंय ते इथं मांडते.

आमचं घर गोव्यात, बार्देशात. शेजारी ख्रिश्चन कुटुंब, तीन पिढ्यांचा शेजार. चवथीला आमच्या नेवऱ्या त्यांच्याकडे जायच्या, नाताळला त्यांची दोदोलाची ताटली आमच्याकडे यायची. चौदा वर्षांपूर्वी बाबांनी कुंपणाची भिंत घातली आणि शेजारणीची कोपेलाकडे, म्हणजे लहान चर्चकडे, जाणारी पायवाट त्या भिंतीत गेली. भांडण झालं, पंचायतीत अर्ज गेला, तो तिथंच पडून राहिला. बोलणं बंद, ताटल्या बंद. शेजारणीला आम्ही लहानपणापासून मावशी म्हणतो. तेव्हापासून ती मोठ्या रस्त्यानं वळसा घालून कोपेलात जाते.

गेल्या पावसात बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. आठव्या दिवशी संध्याकाळी मावशी मागच्या दारी उभी, हातात पेजेचा डबा. आत आली, ओले हात झग्याला पुसले आणि बाबांच्या उशाशी बसली. उकड्या तांदळाचं एकेक शीत चमच्याच्या पाठीनं दाबून मऊ करायची आणि भरवायची. ओठाच्या कडेनं पेज ओघळली की उलट्या बोटानं टिपायची. भिंतीचं नावसुद्धा काढलं नाही. बाबा डाव्या हातानं तिचं मनगट धरून राहिले होते. बाबा जाईपर्यंत ती रोज येत होती.

नंतर मी विचारलं, "मावशी, राग नाही आला कधी?" म्हणाली, "येतलो मगो! पण सांजेला तेर्स करताना देवाकडे 'आमचीं पातकां भोगस' म्हणून मागायचं आणि तुझ्या बापायला मात्र भोगसायचं नाही, हे कसं जमणार?" तेर्स म्हणजे माळ जपत म्हणायची प्रार्थना, भोगसणं म्हणजे माफ करणं. येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेतलं ते वाक्य आहे: आमच्यावर चुकलेल्यांना आम्ही माफ करतो, तशी तू आम्हाला माफी दे.

माझं मत असं झालंय की समोरच्याच्या कबुलीची वाट बघत बसू नये. बाबा कबूल करायच्या अवस्थेतच नव्हते. मावशी थांबली असती तर दोघंही तसेच राहिले असते.

डिचोलीचा वकील

ताई, मावशींना हात जोडतो. पण एक विचारतो, राग मानू नका. भिंत अजून उभी आहे का?

तुमच्या लिहिण्यात ती पाडल्याचं कुठं दिसलं नाही. म्हणजे माफी तिनं दिली आणि वाट तुमच्याकडेच राहिली. माझ्याकडे वाटेची भांडणं वीस वर्षं येतायत. ज्याचं मन मोठं तोच दरवेळी वळसा घालतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आपल्याकडे भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत घर करून राहणाऱ्या मुंडकारांना घरातून बाहेर काढण्याविरुद्ध 1975 मध्ये कायद्याचं संरक्षण मिळालं, ते भाटकारांच्या मनात दया उपजली म्हणून नव्हे. मुंडकारांनी फक्त माफ केलं असतं तर अजून दुसऱ्याच्या भाटात भीत भीत राहिले असते. कबुली नाही, भरपाई नाही, आणि माफी मात्र द्यायची? मला हे पटत नाही.

फोंड्याची मोठी बहीण

वकीलसाहेबांशी सहमत, आणि त्याहून पुढचं बोलते. "माफ कर" हा सल्ला कुणाला दिला जातो ते बघा. मारणाऱ्याला "मारू नको" सांगायला कुणी जात नाही, मार खाणारीला समजवायला मात्र चार माणसं येतात.

माझ्या धाकट्या बहिणीनं नवऱ्याला सात वेळा तरी माफ केलेलं मला माहीत आहे. दरवेळी तो सकाळी रडायचा, पाय धरायचा. आठव्या वेळी तिच्या मनगटाचं हाड मोडलं. प्लास्टर असताना ती डाव्या हातानं भाकरी थापत होती आणि सासू म्हणत होती, मन मोठं कर. आमच्या घरात ख्रिस्ताचं नाव नव्हतं, सौभाग्याचं होतं. शब्द वेगळे, सल्ला तोच. 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली आम्ही अर्ज केला तेव्हा कुठं ती सुटली. क्षमेचं कौतुक करताना अशा बायका वाचत असतील हे ध्यानात ठेवा.

सासष्टीकर

मी कॅथलिक, चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला. फोंड्याच्या ताईंचं वाचून हात थांबला होता. तुमच्या बहिणीला जे सांगितलं गेलं ते आमच्या धर्मातही क्षमा नव्हे. आमच्यातही ते सांगणारे आहेत, हे खाली मान घालून कबूल करतो.

येशूचा शिष्य सान पेद्रूनं त्याला विचारलं, भावाला किती वेळा माफ करू, सात वेळा? उत्तर आलं, सत्तर गुणिले सात. हे सगळ्यांना पाठ असतं. पण बायबलात मातेवच्या शुभवर्तमानाच्या त्याच अठराव्या अध्यायात, थोडं आधी, असंही आहे: भावानं अपराध केला तर त्याच्याकडे जा, एकट्यात त्याची चूक त्याला दाखव. ऐकत नसेल तर दोघा-तिघांना घेऊन जा. मुकाट सोसा असं तिथं कुठंच नाही. आणि चोरी केलेला माणूस कुमसाराला, म्हणजे पाद्रीपुढे पाप कबूल करायला, गेला तर पाद्री त्याला घेतलेलं परत करायला सांगतो. जकातदार जखयाला येशू भेटला तेव्हा तो स्वतःच उभा राहून म्हणाला, फसवून घेतलं असेल तर चौपट देईन.

1999 च्या जानेवारीत ओडिशात मनोहरपूरला ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, दहा आणि सहा वर्षांची, गाडीत जाळली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना माफ केल्याचं सांगितलं आणि कुष्ठरोग्यांची सेवा चालू ठेवली. खटला मात्र चालला. मुख्य आरोपीची जन्मठेप 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायम केली. माफी बाईंनी दिली, शिक्षा न्यायालयानं दिली. एकामुळे दुसरं अडलं नाही. म्हणून बार्देशच्या ताईंचं म्हणणं मला पटतं: मनातलं विष उतरवायला समोरच्याची परवानगी लागत नाही. वाट परत मागायचा हक्क त्यानं संपत नाही.

म्हार्दोळचा

तुमच्या भावनेचा आदर करून लिहितो. गोव्यात 1560 ते 1812 इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, होतं, मधली चार वर्षं सोडली तर. आमचं दैवत रातोरात खाडीपलीकडे हलवावं लागलं, म्हणून आज ते म्हार्दोळात आहे. त्या धर्माकडून क्षमेचे धडे घ्यायचे? आणि आपल्याकडे काय कमी होतं? गोदावरीत अंघोळ करून येणाऱ्या एकनाथांवर एकजण पुन्हा पुन्हा थुंकला आणि ते पुन्हा पुन्हा नदीवर गेले, ही गोष्ट पैठणपासून पेडण्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे.

सासष्टीकर

दादा, ते दुखणं खरं आहे. 12 मार्च 2000 रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोममध्ये चर्चच्या लेकरांनी केलेल्या पापांची जाहीर क्षमा मागितली, त्यात सत्याच्या नावाखाली केलेली जबरदस्तीही होती. ती पुरेशी का, हे ठरवायचा अधिकार तुमचा, माझा नव्हे.

पण धर्म म्हणजे फक्त सत्ता चालवणारे नव्हेत. बाणावलीत जन्मलेले संत जुझे वाज श्रीलंकेत गेले. कँडीत त्यांना पोर्तुगीजांचे हेर समजून कैदेत टाकलं. 1697 मध्ये त्याच कँडीत देवीची साथ आली, लोक घरं सोडून पळाले आणि हे टाकून दिलेल्या रोग्यांच्या जखमा धूत राहिले. रोगी कुठल्या धर्माचा ते विचारलं नाही. एकनाथ आणि हे, मला तर एकाच वाटेवरचे वाटतात.

म्हार्दोळचा

जुझे वाज यांचं हे मला माहीत नव्हतं. इतिहासाबद्दल माझं मत तेच आहे. पण त्या मावशींबद्दल माझी तक्रार नाही, हे लिहायला हवं होतं.

पेडण्याचा मास्तर

थोडक्यात लिहितो. मोठी माफी आयुष्यात एक-दोनदा द्यावी लागते. रोज कस लागतो तो लहान गोष्टींत. कदंबच्या बसमध्ये सुट्ट्यांवरून कंडक्टरवर खेकसणं, पाव आणणाऱ्या पोदेराला उशीर झाला म्हणून त्याचा बाप काढणं. चाळीस वर्षं वर्गात पाहिलं, पेन चोरणाऱ्या पोराला सगळ्यांसमोर उभं केलं तर तो पुन्हा चोरायचा. एकट्यात बोलावलं तर बहुतेकदा पेन परत यायचं.

बार्देशची लेक

वकीलसाहेब, तुमचा प्रश्न वाचून दोन दिवस काही लिहवलं नाही. भिंत आहे. मी मावशीच्या माफीबद्दल इतकं लिहिलं आणि भिंत तशीच ठेवली, हे तुम्ही विचारेपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

भावाला फोन केला. तो म्हणतो, इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली वाटणी, व्हायची आहे, सगळ्या वारसांच्या आणि त्यांच्या जोडीदारांच्या सह्या झाल्याशिवाय जमिनीला हात लावायचा नाही. त्याच्याशी वाद चालू आहे, सोडणार नाही.

तोवर मला जमेल ते केलं. भिंतीत मागच्या बाजूला बाबांनी लहान फाटक ठेवलं होतं, कायम कुलूपबंद. परवा खोबरेल तेल घालून ते गंजलेलं कुलूप काढलं, रान साफ केलं, मावशीकडे गेले. चूक बाबांची होती असं पहिल्यांदा तोंडानं म्हटलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग आत जाऊन चहा ठेवला.

काल सांजेला फाटक सताड उघडं होतं. मावशी तेर्साची माळ हातात घेऊन घरातून निघाली आणि मोठ्या रस्त्यानंच गेली.