कॉर्डिलाइन: आधी शेंडा बघा
ताई, नव्या जागी लावलेल्या कॉर्डिलाइनची, म्हणजे त्या लांब पानांच्या शोभेच्या झाडाची, खालची दोन-चार पानं पिवळी पडली म्हणून झाड उपटू नका. जागा बदलली की तेवढं होतंच. बघायचा तो शेंडा. मधलं गुंडाळलेलं पान ताठ असेल, हलकं ओढल्यावर निघत नसेल, तर काळजी नाही. ते अलगद हातात आलं, बुडाशी घाण वास आला, की कूज समजा. मातीलगत खोडही दाबून पाहा, मऊ लागायला नको. आपल्या नागपूरच्या काळ्या मातीत पाणी तुंबतं, अन् उन्हाच्या धास्तीनं आपण रोज पाइप सोडतो! बोटभर खोल ओल असेल तर पाणी नकोच. नुसती टोकं करपली असतील तर ऊन किंवा बोअरचं खारं पाणी. मे महिन्यात दुपारी हिरवी जाळी बांधा. खत नवी पानं फुटल्यावरच.