विषय: प्रश्नमंजूषा – मेयो, हॉपकिन्स ही मंडळी होती तरी कोण?

प्रेषक: अनघा (सांस्कृतिक समिती)

नमस्कार मंडळी,

गणेशोत्सवातली मुलांची प्रश्नमंजूषा यंदा ऑनलाइन आहे, त्यामुळे गाव सोडून गेलेल्यांची मुलंही खेळू शकतील. किल्ले झाले, नद्या झाल्या, संत झाले. या वेळी एक फेरी अमेरिकेतल्या नावाजलेल्या हॉस्पिटलांवर ठेवावी असं समितीत ठरलं. ती सुरू कशी झाली, कोणी केली, का केली. आपल्याकडे घरटी एक डॉक्टर, नर्स नाहीतर फार्मसिस्ट आहे, तेव्हा माहितीला तोटा नसावा. नुसती सनावळी नको, गोष्ट सांगता आली पाहिजे.

ता. क. मोदकांची ऑर्डर वेगळ्या मेलवर. कृपया इथे नको.

प्रेषक: निखिल (डॅलस)

अनघाताई, यात गोष्ट ती काय असणार? माणसाने आयुष्यभर पैसा केला, उतारवयात दानधर्म सुचला, दारावर नाव लागलं. हॉपकिन्स घ्या, न्यू यॉर्कचं कॅन्सर हॉस्पिटल स्लोन-केटरिंग घ्या. मेयो तेवढे स्वतः डॉक्टर होते. चार प्रश्नांत आटपेल.

आणि माझे दोन डझन धरा. उकडीचे.

प्रेषक: अरविंद (रॉचेस्टर, मिनेसोटा)

निखिल, जरा थांब. बाकीच्यांचं मला ठाऊक नाही, पण मेयो क्लिनिकचं मी सांगतो. निवृत्त होऊन मी याच गावात राहिलोय.

२१ ऑगस्ट १८८३ ला संध्याकाळी रॉचेस्टरवर टोर्नेडो आला. गावाचा उत्तरेकडचा भाग भुईसपाट झाला. ३७ माणसं गेली, जखमी दोनशेच्या घरात. गावात हॉस्पिटल नव्हतंच. मिळेल तिथे जखमींना ठेवलं, आणि शेवटी एका नाचाच्या हॉलमध्ये खाटा मांडल्या. उपचारांची सूत्रं डॉ. विल्यम वॉरल मेयो यांच्याकडे. हे पुढे मेयो क्लिनिकमुळे प्रसिद्ध झालेल्या विल्यम आणि चार्ल्स या दोन सर्जन भावांचे वडील, इंग्लंडात जन्मलेले. पण रात्रभर उशाशी बसायला माणसं आणायची कुठून? तेव्हा गावातल्या फ्रान्सिस्कन नन्सना बोलावणं गेलं. या सगळ्या शाळेतल्या बाई. नर्सिंगचा गंध नाही.

सगळं निस्तरल्यावर त्यांच्या प्रमुख मदर आल्फ्रेड मोस डॉक्टरांकडे गेल्या आणि म्हणाल्या, इथे हॉस्पिटल हवं. डॉक्टरांनी नकार दिला. गाव लहान, खर्च अफाट, चालणार नाही. त्यांचंही अगदीच चुकत नव्हतं. त्या काळी हॉस्पिटल म्हणजे ज्याला घरदार नाही त्याने मरायला जायची जागा, असाच समज होता. बाई हटल्या नाहीत. पैसे आम्ही उभे करतो, रोगी तुम्ही आणि तुमच्या मुलांनी बघायचे, असा सरळ सौदा त्यांनी मांडला. मग शिकवण्या करून, पोटाला चिमटा घेऊन नन्सनी पैसे साठवले, आणि ३० सप्टेंबर १८८९ ला सेंट मेरीज हॉस्पिटल उघडलं, २७ खाटांचं. मेयो क्लिनिक वाढलं ते याच्याच आधाराने. पहिलं ऑपरेशन धाकट्या चार्ल्सने केलं, थोरला विल्यम हाताशी, आणि भूल दिली वडिलांनी. म्हातारबुवा तेव्हा सत्तरीचे होते. कॅथलिक बायकांचं हॉस्पिटल म्हणून गावातल्या काही प्रॉटेस्टंटांनी नाकं मुरडली, तेही झालं.

भाऊ मोठे सर्जन होते, त्यात वाद नाही. १९१९ ला त्यांनी आपली मिळकत संस्थेच्या नावावर केली आणि पुढे तिथले डॉक्टर पगारावर राहिले, हेही मोठंच. पण दारावर नाव त्यांचं लागलं आणि पहिली वीट नन्सच्या पैशांची. मुलांना हा प्रश्न घालाच.

आणखी एक, माझ्या आवडीचं. त्या वेळी प्रत्येक डॉक्टरची स्वतःची वही असे. रोगी तीन डॉक्टरांकडे गेला की त्याची हकिगत तीन वह्यांत विखुरलेली. १९०७ मध्ये हेन्री प्लमर या डॉक्टरने प्रत्येक रोग्याला एक नंबर दिला आणि त्याचे सगळे कागद एका पाकिटात घातले. पुढे नव्या इमारतीत हे कागद हवेच्या दाबावर चालणाऱ्या नळ्यांमधून या मजल्यावरून त्या मजल्यावर सटकन पोचायचे. आज आपण फोनवर स्वतःचे रिपोर्ट बघतो ना, त्याची मुळं तिथे आहेत. मला विचाराल तर प्लमरचं पाकीट कुठल्याही ऑपरेशनइतकं मोलाचं.

प्रेषक: शैलजा (बाल्टिमोर)

काकांनी मेयो सांगितलं, मी हॉपकिन्स सांगते. निखिलचं इथे निम्मं खरं आहे. जॉन्स हॉपकिन्स हा क्वेकर (ख्रिश्चनांमधला एक पंथ) व्यापारी, लग्न न केलेला, बाल्टिमोर-ओहायो रेल्वेच्या शेअर्सवर गब्बर झालेला. (पणजीचं माहेरचं आडनाव जॉन्स, तेच याचं पहिलं नाव.) १८७३ च्या नाताळच्या आदल्या दिवशी वारला. मागे ७० लाख डॉलर ठेवले, निम्मे विद्यापीठाला, निम्मे हॉस्पिटलला. विश्वस्तांना लिहून ठेवलं होतं की शहरातल्या गरीब रोग्यांवर उपचार व्हावेत, लिंग, वय, रंग न बघता. १८७३ साली बाल्टिमोरमध्ये हे लिहिणं सोपं नव्हतं. प्रत्यक्षात काळ्या रोग्यांचा वॉर्ड वेगळाच राहिला, कितीतरी दशकं.

याची दुसरी बाजूही आहे. हॉपकिन्स गुलामगिरीच्या विरोधात होता, घरच्यांनी गुलाम कधीच मुक्त केले होते, असं सगळे सांगत आले. डिसेंबर २०२० मध्ये विद्यापीठानेच जाहीर केलं की १८४० आणि १८५० च्या जनगणनेत त्याच्या घरी गुलाम असल्याच्या नोंदी सापडल्या आहेत. मोठ्या गटातल्या मुलांना हेही सांगावं, असं माझं मत. बारा वर्षांच्या मुलाला एवढं झेपतं.

आता खरी मजा. हॉस्पिटल १८८९ ला उघडलं, पण मेडिकल कॉलेज अडलं, कारण रेल्वेच्या शेअर्सचा लाभांश आटला. तेव्हा त्याच रेल्वेच्या अध्यक्षाची मुलगी मेरी गॅरेट पुढे आली. तिने आणि तिच्या मैत्रिणींनी आधी एक लाख डॉलर जमवले, मग तिने एकटीने तीन लाखांहून जास्त दिले. अट एकच नव्हती. बायकांना पुरुषांच्याच अटींवर प्रवेश हवा, आणि येणाऱ्याकडे आधी पदवी हवी. विश्वस्त चडफडले, पण तिजोरी रिकामी. १८९३ ची पहिली तुकडी १८ जणांची, त्यात तीन मुली. डॉ. ऑस्लर म्हणे आपल्या सहकाऱ्याला गमतीने म्हणाले होते, आपण प्राध्यापक म्हणून आलो ते बरं झालं, या अटींवर विद्यार्थी म्हणून आपल्याला कोणी घेतलं नसतं.

लहान गटासाठी एक: ऑपरेशनचे रबरी हातमोजे. इथल्या डॉ. हॉल्स्टेड यांच्या ऑपरेशन थिएटरच्या मुख्य नर्स, कॅरोलाइन हॅम्प्टन, यांचे हात जंतुनाशकांनी सोलून निघत. हॉल्स्टेडनी गुडइयर रबर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ हातमोजे करवून घेतले. १८९० ला दोघांचं लग्नही झालं. रोग्याचा जीव वाचण्याशी हातमोज्यांचा संबंध आहे हे लोकांना नंतर कळलं.

प्रेषक: निखिल (डॅलस)

म्हणजे शेवटी पैसा लागलाच की नाही! रेल्वेवाल्याची मुलगी नसती तर?

प्रेषक: विद्या (फिलाडेल्फिया)

निखिल, पैसा लागतोच रे. पण पैसा कुणाच्या हट्टाने बाहेर निघाला ते बघ. आणि बहुतेक ठिकाणी हट्ट करणारा तोच, ज्याला आधीच्या दारातून आत घेतलं नव्हतं.

आमच्या फिलाडेल्फियाचं उदाहरण. पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटल, १७५१. कल्पना डॉ. थॉमस बाँड यांची, खटपट बेंजामिन फ्रँकलिनची. विधानसभेतले खेड्यापाड्यांतले सभासद पैसे द्यायला तयार नव्हते, हॉस्पिटल शहराच्याच उपयोगाचं म्हणून. फ्रँकलिनने विधेयकात मेख मारली: लोकांनी २,००० पौंड जमवले तर विधानसभेनेही २,००० द्यायचे. सभासदांना वाटलं, एवढे जमतायत कुठले! फुकटात दानशूर म्हणवून घेता येईल म्हणून त्यांनी हात वर केले. आणि लोकांनी, आपल्या एकाचे दोन होतात म्हटल्यावर, भराभर पैसे दिले. आपल्या मंडळाच्या खजिनदारांनी याचा विचार करावा.

आता याच हॉस्पिटलात, ६ नोव्हेंबर १८६९, शनिवारचं प्रात्यक्षिक व्याख्यान. वुमन्स मेडिकल कॉलेजच्या तीसेक मुलींना पहिल्यांदाच बसायची परवानगी मिळाली होती. शेकडो मुलगे. त्यांनी शिट्ट्या मारल्या, कागदाचे बोळे फेकले, तंबाखूची पिंक टाकली, आणि बाहेर पडल्यावर रस्त्यातही पाठलाग केला. मुली व्याख्यान संपेपर्यंत जागच्या हलल्या नाहीत.

हे कॉलेज क्वेकर मंडळींच्या पुढाकाराने १८५० ला निघालं होतं. पण पुस्तकं वाचून डॉक्टर होता येत नाही, रोगी बघावे लागतात, आणि हॉस्पिटलं मुलींना दारात उभं करत नव्हती. म्हणून डॉ. अ‍ॅन प्रेस्टन यांनी १८६१ मध्ये बायकांचं वेगळं हॉस्पिटलच काढलं. जिथे बाई रोगी, बाई डॉक्टर, आणि शिकणारीही बाई.

या कॉलेजचं नाव आपल्याला वेगळ्या कारणाने पाठ आहे. आनंदीबाई जोशी इथल्याच, ११ मार्च १८८६ च्या पदवीधर. आपण त्यांची गोष्ट नेहमी गोपाळरावांपासून सुरू करतो आणि क्षयाशी संपवतो. मध्ये हे कॉलेज येतं ते नुसतं नावाला. एका अठरा वर्षांच्या नऊवारी नेसणाऱ्या मुलीला दाखल करून घेणाऱ्या डीन रेचल बॉडली कोण, त्यांना तिथपर्यंत कोणी पोचवलं, हे आपण विचारत नाही. हॉपकिन्सच्या पहिल्या तीन मुली आत गेल्या त्याच्या सात वर्षं आधी आनंदीबाई एम.डी. होऊन बाहेर पडल्या होत्या. का? कारण आधीच्या बायकांनी शिट्ट्या खाऊन ती जागा तयार करून ठेवली होती.

ऑक्टोबर १८८५ चा एक फोटो आहे, तुम्ही पाहिलाही असेल. डावीकडे साडीत आनंदीबाई, मध्ये किमोनोमध्ये जपानच्या केई ओकामी, उजवीकडे सीरियाच्या सबात इस्लामबुली, डोक्यावर नाण्यांची साखळी. तिघी पुढे डॉक्टर झाल्या. हा फोटो मुलांना दाखवा आणि तिघींचे देश विचारा. आनंदीबाईंच्या मागोमाग १८९२ ला गुरुबाई करमरकर याच कॉलेजातून डॉक्टर होऊन मुंबईला परतल्या आणि पुढे वर्षानुवर्षं काम केलं. त्यांचं नाव आपल्यात किती जणांना माहीत आहे, हा प्रश्न मुलांपेक्षा आपल्यालाच विचारायला हवा.

तुझ्या यादीसाठी अजून दोन, निखिल. न्यू यॉर्कचं माउंट सिनाय १८५५ ला सुरू झालं तेव्हा त्याचं नाव ज्यूंचं हॉस्पिटल असंच होतं. अमेरिकेच्या यादवी युद्धात सगळ्यांचेच जखमी आले, मग १८६६ ला नाव बदललं. आणि शिकागोचं प्रॉव्हिडंट, १८९१. एमा रेनल्ड्स या काळ्या मुलीला नर्सिंगच्या शाळांनी घेतलं नाही. तिचा भाऊ सर्जन डॅनियल हेल विल्यम्स यांच्याकडे गेला. विल्यम्सनी एका मुलीची शिफारस करत बसण्याऐवजी हॉस्पिटल आणि नर्सिंगची शाळा दोन्ही काढली. दोनच वर्षांनी, १८९३ मध्ये, तिथेच त्यांनी सुरीने भोसकलेल्या एका माणसाची छाती उघडून हृदयाचं आवरण शिवलं. माणूस जगला.

प्रेषक: सुहास (सॅन होजे)

विद्याताई, फार छान. आमचं कैसर (कॅलिफोर्नियातली हॉस्पिटलं) राहिलं. १९३३, मोहावे वाळवंट. लॉस एंजेलिसला पाणी नेणाऱ्या कालव्यावर हजारो मजूर, आणि डॉ. सिडनी गारफिल्ड या तरुण सर्जनचं १२ खाटांचं हॉस्पिटल. विमा कंपन्या पैसे देत नव्हत्या, किंवा वर्षभराने देत होत्या. हॉस्पिटल बुडायच्या बेताला आलं. तेव्हा तोडगा निघाला: दर मजुरामागे रोजचे पाच सेंट आगाऊ. वर आणखी पाच दिले की कामाबाहेरचं आजारपणही त्यात.

एका रात्रीत गणित उलटं झालं. आजवर मजूर जखमी झाला की पैसे मिळायचे. आता जखमी झाला नाही तर उरायचे. गारफिल्ड कामाच्या जागी जाऊन बाहेर आलेले खिळे ठोकून घ्यायला लागले. कैसर हे नाव नंतरचं, उद्योगपती हेन्री कैसर यांचं: हीच योजना १९३८ ला त्यांच्या ग्रँड कुली धरणाच्या मजुरांसाठी, मग रिचमंडच्या जहाज कारखान्यांत, आणि १९४५ ला सगळ्यांसाठी खुलं. प्रश्न असा घाला: डॉक्टर खिळे का ठोकत होता?

प्रेषक: निखिल (डॅलस)

हरलो. पण अनघाताई, क्लीव्हलंड क्लिनिकची आग घेऊ नका. १९२९ ला एक्स-रेच्या फिल्म पेटून विषारी वायू पसरला आणि १२३ माणसं गेली, चौघा संस्थापकांपैकी एक त्यात. लहान मुलं रात्री झोपायची नाहीत. त्याऐवजी ते १९२१ मध्ये का काढलं ते विचारा: चौघांतले तिघे पहिल्या महायुद्धात फ्रान्सला लष्करी हॉस्पिटलात होते, तिथे एकत्र काम करायची सवय लागली, ती परत आल्यावर सोडवेना.

प्रेषक: दत्ता (टोरँटो)

उशिरा लिहितोय, पण मिरजेचा माणूस असून गप्प बसवेना. गंगा इकडून तिकडेही वाहिली आहे. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वानलेस आमच्याकडे आले आणि १८९४ ला मिरजेत हॉस्पिटल उघडलं. पुढे तिथे वैद्यकीय शिक्षणही सुरू झालं. आमच्या लहानपणी कर्नाटकातून, कोकणातून माणसं ऑपरेशनला "मिशनमध्ये" यायची. स्टेशनवरचा टांगेवाला रोग्याचा चेहरा बघूनच न विचारता तिकडे वळवायचा. सांगली-मिरज रस्त्यावरची वानलेसवाडी त्यांच्याच नावाची.

माणूस मिशन अमेरिकेचं घेऊन आला, पण जन्मला ओंटारिओत. तेव्हा हा प्रश्न आमच्या टोरँटोच्या पोरांसाठी राखून ठेवा, डॅलसला देऊ नका.