मदत हवी आहे: सोनोग्राफीत सहा आठवडे निघाले, दीर घरी येऊन चारच झाले

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातलं लहान गाव, एकत्र कुटुंब. धाकटा दीर पुण्याला कंपनीत आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी आला, तान्हा पोळा झाला की दोन-तीन दिवसांत परत गेला. आता धाकट्या जावेला दिवस गेलेत. काल तिला तालुक्याला नेलं. रिपोर्टात '५ आठवडे ६ दिवस' लिहिलंय. गर्भाची पिशवी दिसते, ठोके अजून नाहीत, दोन आठवड्यांनी परत बोलावलंय. गर्दी इतकी, की काही विचारताच आलं नाही.

घरी सासूबाईंनी बोटं मोजली. "पोरगं तं पोयाले आलं. पोयाले झाले चार हप्ते. मंग हे सहा हप्ते कुठून आले वं?" जाऊ काल रात्रीपासून जेवली नाही. दीर फोनवर म्हणतो, डॉक्टरचं चुकलं असेल. त्यानं तर आणखीच वाईट दिसतं.

मी झूलॉजीची बी.एस्सी., पण बारा वर्षं झाली. आठवतं ते लिहिते, चुकलं तर सांगा. तिची पाळी राखीच्या दुसऱ्या दिवशी आली (त्याच दिवशी ती माहेरून परतली, म्हणून पक्कं लक्षात आहे). डॉक्टर तिथून मोजतात. बीज सुटतं साधारण चौदाव्या दिवशी, म्हणजे ऐन पोळ्याच्या सुमारास. रिपोर्टातले पहिले दोन आठवडे पोटात गर्भ नव्हताच! फलन (बीज आणि शुक्राणू एक होणं) होतं गर्भाशयाशेजारच्या नळीत. दिवस-दीड दिवसात एकाच्या दोन पेशी, तिसऱ्या दिवशी आठेक, चौथ्या दिवशी सीताफळासारखा खवल्याखवल्यांचा गोळा. गंमत म्हणजे तोवर आकार वाढतच नाही, आहे त्याच कवचात वाटण्या पडत जातात. आमच्या वावरासारखं. सहाव्या-सातव्या दिवशी तो गर्भाशयाला चिकटू लागतो.

हे सासूबाईंना कसं सांगू? पेशी म्हटलं की त्यांना कोर्टाची तारीख आठवते. आणि ठोके नाहीत, ही काळजीची गोष्ट आहे का?

प्रतिसाद १
ताई, मी भंडारा जिल्ह्यात नर्स आहे. तुमचा हिशोब बरोबर. आमच्याकडे धानाचे पऱ्हे (रोपं) आधी टाकतात, मग बांधीत (शेतात) रोवणी. नळीत पऱ्हे, गर्भाशयात रोवणी, असं मी बायांना सांगते. लघवीची तपासणी रोवणी झाल्याशिवाय पॉझिटिव्ह येतच नाही.
ठोक्यांचं म्हणाल तर हृदय फलनानंतर बाविसाव्या दिवसाच्या आसपास हलू लागतं, पण गर्भ तेव्हा काही मिलिमीटरचा. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत इतक्या लवकर पुष्कळदा दिसत नाही. दिलेल्या तारखेला जा. मध्ये रक्तस्राव झाला किंवा पोटात जोरात दुखलं तर मात्र थांबू नका. मेंदू-मणक्याची नळी फलनानंतर अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटते, म्हणजे याच आठवड्यात. त्यासाठीच लागणारं फॉलिक अॅसिड चालू आहे ना? आणि तिला आधी जेवायला घाला.

प्रतिसाद २
सासूबाई गाय कशी मोजतात? फळली त्या दिवसापासून. गायीची तारीख आपल्याला ठाऊक असते, बाईची डॉक्टरला कोण सांगणार? म्हणून पाळी धरतात. माता-बाल कार्डावर शेवटच्या पाळीची तारीख लिहिलेली असते, तिथून २८० दिवस मोजून बाळंतपणाची. ते कार्ड दाखवा.

धागाकर्ती
दोघांचे आभार. फॉलिक अॅसिड चालू आहे. पऱ्ह्याचं जमलं नाही, आमच्याकडे धान नाही, पण गाय लागू पडली. कार्ड समोर ठेवलं, राखीपासून मोजलं. सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग जावेच्या ताटात स्वतः भाकर वाढली आणि मला म्हणाल्या, "म्हंजे मे मयन्यात, भर उन्हात येते का लेकरू? कूलर दुरुस्त करून ठेवा मंग."