कोअर बायोप्सी: सगळ्या गाठींना अठराचीच सुई?

नवी_प्रोब
सोनोग्राफीखाली एकटीने कोअर बायोप्सी (जाड सुईने गाठीचा तुकडा काढणं) करायला लागून चारच महिने झालेत. आमच्याकडे गाठ कुठलीही असो, ट्रेमध्ये अठरा गेजची (गेज म्हणजे सुईच्या जाडीचा आकडा) सुई ठरलेली. मागच्या आठवड्यात मानेतल्या लिम्फ नोडचे दोन तुकडे घेतले. रिपोर्ट आला: 'लिम्फोमाची शंका, टायपिंगला नमुना अपुरा.' (म्हणजे लिम्फ नोडच्या कॅन्सरची शंका, पण त्याचा प्रकार ठरवता येईना.) पेशंटला पुन्हा टोचावं लागलं, त्याच्याकडे बघवेना. तुम्ही सुई कशावरून ठरवता? गाठीच्या मापावरून?

जुनी_गन
मापावरून थ्रो ठरतो, म्हणजे सुई किती पुढे झेपावणार ते. गेज ठरतो तो पॅथॉलॉजीला काय विचारायचंय त्यावर.

थायरॉईडला 25 किंवा 27 ची बारीक सुई, पेशी आल्या की बहुतेकदा भागतं. स्तनातल्या गाठीला 14, रिसेप्टरही (कुठलं औषध लागू पडेल ते सांगणारे) तपासायचे असतात आणि रक्त आलंच तर वरून दाबता येतं. लिव्हरमधल्या मेटास्टॅसिसला (दुसरीकडून पसरलेल्या कॅन्सरला) 18 पुरते. लिम्फोमा डोक्यात असेल तर मी 16 च्या खाली उतरत नाही, तुकडेही चार तरी घेतो. (खाली म्हणजे बारीक! आकडा वाढतो तशी सुई बारीक होते, पहिल्या वर्षी सगळेच इथे गडबडतात.) 18 बाहेरून साधारण सव्वा मिलिमीटर, 14 दोनच्या जरा वर. फरक किरकोळ वाटतो, पण एका तुकड्यात माल दुपटीहून जास्त येतो.

आता थ्रो. 22 मिमीची गन (सुई पुढे मारणारं स्प्रिंगचं यंत्र) म्हणजे बटण दाबल्यावर टोक तेवढं पुढे धावणार. आधी टोकापासून पुढचं अंतर स्क्रीनवर मोजा. गाठ सव्वा सेंटिमीटरची आणि मागे रक्तवाहिनी असेल तर सेमी-ऑटोमॅटिक घ्या. आतला स्टायलेट (तुकडा बसायची खाच असलेली दांडी) हाताने सरकवायचा, खाच गाठीत बसलेली दिसली की मगच कापायचं.

काचपट्टी
पॅथॉलॉजीकडून दोन शब्द. सगळा दोष सुईच्या माथी मारू नका. नोडचा मधला भाग मेलेला असेल तर 14 ने घेतलं तरी आम्हाला कचराच मिळतो. डॉपलरवर जिथे रक्तप्रवाह दिसतो तिथून, कडेकडून घ्या.

दुसरं, तुकडा खाचेतून खरवडू नका. लिम्फॉईड पेशी नाजूक, लगेच चुरगळतात. खाच सलाईनमध्ये हलकेच हलवली की तुकडा आपोआप सुटतो. फ्लो सायटोमेट्रीचा (पेशी एकेक करून तपासण्याच्या चाचणीचा) तुकडा सलाईनमध्येच ठेवा, फॉर्मॅलिनला (नमुना टिकवायच्या रसायनाला) लागला की त्या तपासणीला बाद. आणि फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेली सुई परत पेशंटमध्ये घालायची नाही. हे होताना मी पाहिलंय, म्हणून सांगतेय.

नवी_प्रोब
खरवडण्याचा गुन्हा कबूल. आता उद्याची केस: लिव्हरच्या अगदी कडेला तीन सेंटिमीटरची गाठ, प्लेटलेट 70 हजार, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) 1.3. पोटात पाणी नाही. 16 घेऊ?

जुनी_गन
नको. 17 ची कोअ‍ॅक्सियल (आतून दुसरी सुई जाणारी पोकळ सुई) आणि तिच्यातून 18. आवरणाला भोक एकच, तुकडे हवे तेवढे, आणि निघताना त्याच वाटेत जेलफोम (रक्त थांबवणारा स्पंज) सोडता येतो. गाठ कडेला आहे म्हणून थेट तिच्यात घुसू नका, मध्ये थोडं चांगलं लिव्हर येईल असा मार्ग धरा. रक्त आलं तर तेच दाबून धरतं.

आणि सुई आत घालण्याआधी गन एकदा हवेत वाजवून पेशंटला ऐकवा. नाहीतर त्या 'खट्'ला दचकून तो नेमका तेव्हाच श्वास घेतो.