लीड्समधील जुन्या विटांच्या घरात हिवाळ्याचा गॅसखर्च कसा कमी करावा?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. आम्ही दोन वर्षांपासून इंग्लंडमधील लीड्स येथे भाड्याच्या घरात राहतो. घर व्हिक्टोरियन काळातील (एकोणिसाव्या शतकातील) असून दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती आहेत. गॅसवर चालणारा कॉम्बी बॉयलर (नळ आणि रेडिएटर दोन्हींसाठी पाणी तापवणारा) आहे, ते गरम पाणी फिरून खोल्या तापवणारे सात रेडिएटर आहेत, आणि तापमान ठरवणारा थर्मोस्टॅट मुख्य दाराच्या आतल्या बोळात बसवलेला आहे. गॅस व विजेचे बिल आम्हीच भरतो.

या वर्षी माझ्या सासूबाई साताऱ्याहून हिवाळ्याचे चार महिने राहण्यासाठी आल्या आहेत. त्यांचे वय ७४ आहे आणि येथील थंडी त्यांना सोसवत नाही. त्यामुळे थर्मोस्टॅट दिवसभर २२ वर असतो, आणि तरीही त्यांची खोली गार वाटते म्हणून तेथे २००० वॉटचा विजेचा हीटर रोज सुमारे सहा तास चालतो. गंमत अशी की समोरच्या बैठकीच्या खोलीत आम्हाला उकडते, पण बोळ मात्र थंडच राहतो. जानेवारीत मीटर पाहिला तेव्हा दिवसाला सुमारे ७ घनमीटर गॅस लागत होता. आमच्या दरपत्रकात गॅसचे युनिट साधारण ६ पेन्सला आणि विजेचे २६ पेन्सला आहे.

सासूबाईंना थंडी वाजू न देता हा खर्च कमी करता येईल का? बॉयलर दिवसभर मंद चालू ठेवावा की बंद करून पुन्हा लावावा, याविषयी प्रत्येक जण वेगळे सांगतो. त्यांच्या खोलीच्या कोपऱ्यात काळी बुरशीही दिसू लागली आहे, त्याची मला अधिक काळजी वाटते.

जुनी वीट

ताई, तुम्ही मीटरचा आकडा दिलात म्हणून नेमके बोलता येते. एका घनमीटर गॅसमधून साधारण ११ युनिट ऊर्जा मिळते, म्हणजे तुमचा वापर दिवसाला सुमारे ७७ युनिट आणि खर्च साडेचार पौंडांच्या थोडा वर. त्याच्या जोडीला हीटर सहा तासांत १२ युनिट वीज खातो, आणि त्याचे रोजचे तीन पौंडांहून अधिक होतात. महिन्याचे नव्वदच्या घरात. एका खोलीला ऊब देणारा तो एक हीटर संपूर्ण घराच्या गॅसखर्चाच्या दोन-तृतीयांश पैसे घेतो आहे. तेवढीच उष्णता बॉयलरमार्फत त्या खोलीत पोहोचली, तर ऐंशी-नव्वद पेन्समध्ये काम भागेल. म्हणून पहिला प्रश्न असा की त्या खोलीतील रेडिएटर पुरेसा तापत का नाही. तो वर गार आणि खाली गरम असेल, तर आत हवा अडकलेली आहे; बॉयलर बंद करून, रेडिएटर निवल्यावर, बाजूच्या छोट्या झडपेतून ती काढावी, आणि नंतर बॉयलरवरील दाब पाहून घ्यावा. रेडिएटर सर्वत्र कोमट असेल, तर इतर खोल्यांच्या झडपा थोड्या कमी करून पाणी तिकडे वळवावे लागेल. पलंग किंवा कपाट त्याच्यासमोर लावलेले नाही ना, हेही पाहा.

आता बॉयलर. त्यावर नळाचे आणि रेडिएटरचे अशी दोन चिन्हे असतील. रेडिएटरच्या चिन्हाचे तापमान बहुतेक घरांत बसवणाऱ्याने ७५ किंवा ८० अंशांवर ठेवून दिलेले असते आणि पुढे कोणी त्याकडे पाहत नाही. इंग्लंडमध्ये २००५ पासून बसवलेले जवळजवळ सर्व बॉयलर कंडेन्सिंग प्रकारचे आहेत. गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते. रेडिएटरमधून फिरून आलेले पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असेल, तर ती वाफ बॉयलरमध्येच निवून तिच्यातील उष्णता पाण्याला देते. पाणी त्याहून गरम परत आले तर तीच वाफ भिंतीबाहेरच्या नळीतून आकाशात जाते. म्हणून रेडिएटरचे तापमान ५५ ते ६० वर आणून पाहा. रेडिएटरला हात लावल्यावर तो चटका देणार नाही, त्यामुळे आरंभी चुकल्यासारखे वाटेल, परंतु तो अधिक वेळ चालून खोली तेवढीच उबदार करील. कडाक्याच्या दिवसांत घर तापेनासे झाले तर पाच अंश वाढवावेत. ज्यांच्या घरी गरम पाण्याची वेगळी टाकी आहे, त्यांनी मात्र हे असेच करू नये. टाकीतील पाणी ६० अंशांपर्यंत तापले नाही, तर त्यात लिजिओनेला हे फुप्फुसांचा आजार करणारे जिवाणू वाढण्याचा धोका असतो. तुमच्या कॉम्बीला टाकी नाही, त्यामुळे ती अडचण नाही.

दिवसभर चालू की मधून बंद, याचे उत्तर सोपे आहे. घर जितके बाहेरच्यापेक्षा गरम, तितकी उष्णता अधिक वेगाने बाहेर जाते. त्यामुळे जेव्हा घरात कोणी नाही किंवा सर्व जण पांघरुणात आहेत, तेव्हा तापमान खाली जाऊ देणेच स्वस्त पडते. तुमच्या घरी सासूबाई दिवसभर असतात, म्हणून दिवसा पूर्ण बंद करण्याचा प्रश्न येत नाही. रात्री बोळातील थर्मोस्टॅट १६ च्या आसपास ठेवा आणि त्यांच्या उठण्याच्या तासभर आधी पुन्हा वाढेल असे वेळापत्रक लावा.

उंबरठा

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, पण मला या प्रकरणाचे मूळ त्या बोळात दिसते. थर्मोस्टॅटला फक्त बोळाचे तापमान कळते. दारातील टपालाच्या फटीतून आणि दाराखालून वारा आत येत असेल, तर बोळ कधीच २२ ला पोहोचणार नाही आणि बैठकीच्या खोलीत उकडत असतानाही बॉयलर जळत राहील. तुम्ही वर्णन केलेली अवस्था नेमकी हीच आहे. टपालाच्या फटीला आतून ब्रश असलेली झडप लावा, दाराच्या चौकटीला चिकटपट्टी लावा आणि दाराखाली जुन्या सुती साडीची घट्ट वळकटी ठेवा. आमच्याकडे आईने साताऱ्याहूनच आणलेली एक जाड गोधडी मुख्य दाराच्या आतून दांडीवर टांगली आहे, आणि दुकानातील कोणत्याही पडद्यापेक्षा तिने अधिक काम केले आहे. बैठकीच्या खोलीतील रेडिएटरची आकडे असलेली, उष्णता कमी-जास्त करणारी झडप ३ वर आणा. बोळातील रेडिएटरला झडप असेल, तर ती मात्र पूर्ण उघडी ठेवा, नाहीतर झडप आणि थर्मोस्टॅट एकमेकांच्या विरुद्ध काम करतील.

जुन्या घरात वापरात नसलेली शेकोटी असेल, तर तिच्या धुरांड्यातून गरम हवा अखंड वर जात असते. त्यात बसवायचा फुगा किंवा लोकरीचा बोळा मिळतो. धुरांडे खरोखरच वापरात नाही, याची घरमालकाकडून खात्री करून घ्या आणि पुढे कोणी तेथे विस्तव पेटवणार नाही अशी चिठ्ठी लावा. बाहेरच्या भिंतीत जमिनीलगत ज्या जाळीच्या विटा दिसतात, त्या मात्र कधीही बुजवू नका. लाकडी फळ्यांच्या जमिनीखालची हवा त्यांतून खेळते, आणि ती अडली की लाकूड कुजते. घरात, गॅस नीट न जळल्यास तयार होणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्रही असलेच पाहिजे.

भिंतींबद्दल एक सावधगिरी. बाहेरून विटांची मांडणी पाहा. एक लांब आणि एक आखूड बाजू आळीपाळीने दिसत असेल, तर ती भिंत भरीव असून मध्ये पोकळी नाही. व्हिक्टोरियन घरे बहुतेक अशीच असतात. पोकळीत भरण्याची सामग्री विकायला कोणी दारावर आले, तर या भिंतींना ती लागूच होत नाही. माळ्याचे मात्र तसे नाही. तेथे खनिज लोकरीचा थर २७० मिलिमीटर असावा, अशी येथील शिफारस आहे, आणि उघड्या माळ्यातून घराची सुमारे पाव उष्णता जाते. तुमच्या घराचे ऊर्जा प्रमाणपत्र सरकारी संकेतस्थळावर पत्त्यावरून विनामूल्य पाहता येते. त्यात छताबद्दलची नोंद असते. इंग्लंड आणि वेल्समध्ये एप्रिल २०२० पासून, काही अपवाद वगळता, भाड्याच्या घराचा या प्रमाणपत्रावरील दर्जा ('ए' सर्वोत्तम, 'जी' सर्वात खालचा) किमान 'ई' असावा लागतो. प्रमाणपत्राची प्रत जोडून घरमालकाला लेखी विनंती करा.

दवबिंदू

मी फक्त सासूबाई आणि बुरशी यांच्याविषयी लिहिते. जागतिक आरोग्य संघटनेने घरातील तापमान किमान १८ अंश असावे असे सुचवले आहे, आणि वृद्धांसाठी त्याहून अधिक आवश्यक असू शकते. त्यांच्या खोलीत पाच-सात पौंडांचे साधे तापमापक ठेवा आणि त्या जागेपणी बसतात तेथे २१ च्या आसपास आकडा राहू द्या. बचत इतर खोल्यांत करा, त्यांच्या खोलीत करू नका. झोपण्यापूर्वी अंथरुण गरम करण्यासाठी विजेची गादी घेतली, तर ती साधारण १०० वॉटची असते. रात्रभर चालली तरी एक युनिटही पुरते लागत नाही. मधुमेहामुळे त्यांच्या पायांची संवेदना कमी असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि गरम पाण्याची पिशवी त्या गादीबरोबर कधीही वापरू नका.

बुरशी थंड भिंतीवर ओल बसल्यामुळे येते. कपडे रेडिएटरवर वाळत घातले की काही लिटर पाणी घरातच राहते, आणि कुकरची वाफ त्यात भर घालते. स्वयंपाक करताना पंखा चालू ठेवा, दार लावून घ्या, आणि सकाळी पाच-दहा मिनिटे खिडक्या पूर्ण उघडा. इतक्या थोड्या वेळात भिंती गार होत नाहीत, फक्त दमट हवा निघून जाते. खिडक्या कायम बंद ठेवून वाचवलेली ऊब अखेर त्या कोपऱ्यात महाग पडते. कपाटही बाहेरच्या भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. बारा दिवसांनी लिहीत आहे. बॉयलरचे तापमान खरोखरच ७८ वर होते. ते ६० केले. सासूबाईंच्या खोलीतील रेडिएटरमधून हवा काढली, आणि त्याच्यासमोर मी स्वतःच उभा केलेला कपडे वाळवण्याचा स्टँड हलवला. दाराला गोधडी टांगली, टपालाच्या फटीला ब्रश लावला. थर्मोस्टॅट आता १९ वर आहे आणि त्यांच्या खोलीत तापमापक २१ दाखवतो. बाहेरची थंडी साधारण पूर्वीसारखीच असताना गॅस दिवसाला साडेपाच घनमीटर लागतो, आणि विजेचा हीटर गेले नऊ दिवस लावलेला नाही. बुरशी पुसून काढली असून ती अजून परत आलेली नाही. माळ्याविषयी घरमालकांना पत्र पाठवले आहे.

एक शंका. बॉयलरपासून बाहेरच्या मोरीपर्यंत जाणाऱ्या पांढऱ्या प्लास्टिकच्या नळीतून आता सतत पाणी ठिबकते. हे बिघाडाचे लक्षण आहे का?

जुनी वीट

बिघाड नाही, जी वाफ पूर्वी आकाशात जात होती, तिचेच ते पाणी आहे. मात्र ती नळी बारीक असून बाहेर उघडी असेल, तर गोठण बिंदूखालच्या रात्री तिच्यात बर्फ अडकून बॉयलर बंद पडू शकतो. तिच्यावर फोमचे आवरण चढवून देण्यास घरमालकांना त्याच पत्रात सांगा. तोवर ती गोठलीच, तर जमिनीवरून हात पोहोचेल तेथेच कोमट पाणी ओता. उकळते पाणी ओतू नका, प्लास्टिक तडकते.