सात माणसं, एक सुट्टी: मुक्काम कुठे करावा? (सल्ला हवा)

मधली_सून:
नमस्कार मंडळी. आठ दिवसांच्या सुट्टीला आम्ही सात जण निघतोय. सासू-सासरे, आम्ही दोघं, अकरा आणि चार वर्षांची मुलं, आणि धाकटा दीर. तिकिटं काढून झाली, राहण्याचं मात्र ठरत नाहीये. नवरा स्वस्तापासून यादी लावतो आणि पहिल्या पानापुढे जात नाही. सासरे हॉटेलचे तारे मोजतात. सासूबाई फक्त बाथरूमचा फोटो बघतात. दीर म्हणतो, ‘झोपायलाच तर जायचंय, होस्टेल बघ.’ मोठ्याला पोहायचा तलाव हवा. मला स्वयंपाकघर हवं, कारण धाकटीला रात्री नऊला हमखास भूक लागते. तुम्ही कसं निवडता? ‘आधी बजेट सांगा’ असं कृपया म्हणू नका. त्यावर घरात चर्चा चालू आहे आणि ती इतक्यात संपणार नाही.

रिकामी_बॅग:
मी दिराच्या पार्टीत. होस्टेल म्हणजे रात्रभर गोंधळ घालणाऱ्या पोरांचा अड्डा, असं घरच्यांना वाटत असेल तर त्यांना सांगा की ही कल्पना एका शाळामास्तरांची. जर्मनीतल्या रिचर्ड शिरमान यांनी विद्यार्थ्यांच्या सहलींसाठी १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं युवा वसतिगृह सुरू केलं. आजही बऱ्याच होस्टेलांत कुटुंबासाठी वेगळ्या खोल्या असतात आणि सगळ्यांना वापरता येईल असं स्वयंपाकघरही. दिराने एकट्यापुरता बेड घेतला तर तीन गोष्टी बघाव्यात: बेडला पडदा आहे का, सामानाला कुलूपबंद कपाट आहे का (कुलूप बहुतेकदा आपलंच न्यावं लागतं), आणि किती जणांना मिळून एक बाथरूम. कानात घालायचे बोळे विसरू नका. घोरणाऱ्याला वयाची अट नसते.

निवांत_प्रवासी:
मी आधी एकच प्रश्न विचारतो. जागेपणी खोलीत किती तास जाणार? दीर रात्री अकराला परतणार, त्याला खोलीशी देणंघेणं नाही. सासरे आणि चार वर्षांची नात दुपारी परत येणार. म्हणजे तुमच्या घरात दोन प्रकारचे प्रवासी आहेत आणि दुसऱ्या प्रकारासाठी जागा मोक्याची हवी. शहराबाहेरची ऐसपैस खोली स्वस्त दिसते, पण सात जणांचं रोजचं जाणं-येणं त्यात धरा. दुपारी परतायला पाऊण तास लागणार असेल तर कुणी परतत नाही, आणि संध्याकाळी सगळे एकमेकांवर खेकसतात. स्वानुभव.

‘केंद्रापासून दोन किलोमीटर’ यावर जाऊ नका. नकाशावर चालत जायचा रस्ता काढा. मध्ये नदी, रेल्वेमार्ग किंवा चढ निघतो. एका सुट्टीत आमचा मुक्काम ‘हाकेच्या अंतरावर’ होता. खरंच होता, पण १४० पायऱ्या वर.

हिशोबवही:
ताऱ्यांबद्दल सासऱ्यांना हळुवारपणे सांगावं लागेल. जगभर लागू होईल असं ताऱ्यांचं एकच मोजमाप नाही. युरोपातल्या काही देशांनी २००९ मध्ये एकत्र येऊन समान निकष ठरवले, बाकी ठिकाणी देशागणिक पद्धत बदलते. शिवाय तारे बहुतांशी सोयींचे असतात: स्वागतकक्ष किती तास उघडा, खोलीत काय काय आहे वगैरे. गादी खचलेली आहे का, माणसं नीट बोलतात का, हे तारा सांगत नाही.

नवऱ्यासाठी: यादीतला आकडा अंतिम नसतो. साफसफाईचं शुल्क, अनामत, आणि अनेक शहरांत माणशी दर रात्रीचा पर्यटक कर, जो कधीकधी तिथे पोहोचल्यावर वेगळा घेतात. सगळं मिळवून मग तुलना करा. ‘रद्द केल्यास परतावा नाही’ हा दर कमी असतो, पण सात जणांत एकाला ताप येणारच असं धरून चाला. आणि ‘शेवटची एकच खोली शिल्लक’ हे त्या संकेतस्थळापुरतं असू शकतं. हॉटेलला थेट विचारलं तर आणखी निघते.

काठावरचा:
एवढा विचार? आम्ही पोहोचल्यावर बघतो.

मधली_सून:
@काठावरचा, चार वर्षांचं मूल खांद्यावर झोपलेलं असताना आणि सासूबाई ‘मी बोलले होते’ म्हणत असताना पोहोचल्यावर बघून दाखवा.

चष्मेवाली:
परीक्षणं कशी वाचावीत यावर लिहिते, कारण मी यात अनेक रात्री घालवल्या आहेत. ताजी आधी लावा. दोन वर्षांपूर्वीच्या कौतुकानंतर मालक बदललेला असतो. दहापैकी दहावाली आणि एकवाली दोन्ही सोडा, सहा-सात देणारे लोक नेमकं लिहितात. तेच गाऱ्हाणं चार वेगवेगळ्या जणांनी केलं असेल तर ते खरं माना.

परीक्षण कोण लिहू शकतं तेही बघा. बुकिंग डॉट कॉमवर तिथूनच आरक्षण केलेले लोक लिहितात, ट्रिपॲडव्हायझरवर आरक्षणाचा पुरावा लागत नाही. लोकांची घरं भाड्याने मिळतात त्या एअरबीएनबीवर पाहुणा आणि यजमान एकमेकांना गुण देतात. दोघांनी लिहिल्यावर किंवा १४ दिवस उलटल्यावरच ते दिसतं. तरी लोक तोंडावर गोड बोलतात, कारण राहत्या घरी भेटलेल्या माणसाला कमी गुण द्यायला मन होत नाही. म्हणून तिथे ओळींच्या मधलं वाचावं. ‘परिसर चैतन्यमय’ म्हणजे खाली रात्री दोनपर्यंत गाणी. ‘छोटेखानी’ म्हणजे बॅग उघडायची तर कुणीतरी पलंगावर चढायचं.

सासूबाईंचं मात्र बरोबर आहे बरं का. बाथरूमचा फोटो टाकायचं टाळलेलं असेल तर मीही पुढे जाते.

एकटीच:
माझे निकष तुमच्यापेक्षा वेगळे, तरी देते. रात्री उशिरा पोहोचणार असाल तर पहिली रात्र तरी चोवीस तास कुणी असेल अशा ठिकाणी. दाराला आतून कडी आहे का ते परीक्षणांत शोधते. स्वागतकक्षात कुणी खोलीचा नंबर मोठ्याने उच्चारला तर मी दुसरी खोली मागते. दिली नाही असं एकदाच झालं, तिथून मी निघाले.

किल्लीवाला:
स्वयंपाकघर हवं म्हणजे तुम्ही अख्ख्या फ्लॅटकडे वळणार. दोन सूचना. एक, ‘सात जण झोपू शकतात’ यात बैठकीतला सोफा धरलेला असतो. पलंग मोजा, बाथरूम मोजा. दोन, अल्पमुदतीच्या भाड्याचे नियम त्या शहरात काय आहेत ते बघा. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून नोंदणीशिवाय तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीने घर देता येत नाही, यजमानाने तिथेच राहायचं आणि पाहुणे जास्तीत जास्त दोन. बार्सिलोनाने तर २०२८ च्या अखेरपर्यंत पर्यटकांचे फ्लॅट पूर्ण बंद करायचं जाहीर केलंय. जिथे नोंदणी सक्तीची आहे तिथे जाहिरातीत क्रमांक नसेल तर सोडून द्या. आमचं घर निघायच्या तीन दिवस आधी यजमानाने रद्द केलं. पैसे परत आले, पण तोवर शहर भरलं होतं.

निवांत_प्रवासी:
हॉटेलच घेतलंत तर एक शब्द लक्षात ठेवा: ‘कनेक्टिंग’. म्हणजे दोन खोल्यांमध्ये आतून दार. ‘ॲडजॉइनिंग’ म्हणजे नुसत्या शेजारी-शेजारी. लहान मूल असताना हा फरक फार मोठा. विनंती लेखी करा आणि पक्कं झाल्याचं उत्तर मागवा. आजोबांसाठी लिफ्ट कितव्या मजल्यापर्यंत जाते आणि अंघोळीला टबाची कड ओलांडावी लागते का, हेही त्याच पत्रात.

मधली_सून:
सगळ्यांचे आभार. काल जेवणानंतर सगळ्यांना विचारलं, ‘कोणती एक गोष्ट नसेल तर सुट्टीचा विचका होईल?’ एकच सांगायची. सासऱ्यांनी तारे सांगितलेच नाहीत. म्हणाले, पहाटे पाचला जाग येते, कुणाची झोप न मोडता बाहेर पडता आलं पाहिजे. इतकी वर्षं आम्ही त्यांना ताऱ्यांच्या हॉटेलात नेतोय आणि ते तिथे अंधारात पलंगावर बसून राहतात, हे काल कळलं. सासूबाईंना टब नको, गुडघा वर उचलत नाही. मोठ्याचा तलाव अजून तलावच आहे.

तर आता असं: छोटं स्वयंपाकघर असलेल्या हॉटेलात दोन कनेक्टिंग खोल्या, सासऱ्यांच्या खोलीला बाहेरचं स्वतंत्र दार, तिथून सात मिनिटांवर दिराचं होस्टेल. तलाव सार्वजनिक, दहा मिनिटं चालत. रस्ता नकाशावर बघितला, पायऱ्या नाहीत. लेखी विचारणा आज पाठवली. नवऱ्याने बेरीज अजून बघितलेली नाही.

हिशोबवही:
परतावा मिळणारा दर घेतलात ना?

मधली_सून:
घेतला. तोच बेरजेत आहे, म्हणून तर दाखवलेली नाही.