ड्रम्सवर रोल (मधे भरायचा पटापट ठोक्यांचा तुकडा) मारला की टेम्पो पळतो, काय करू?

म्हापसेकर_ड्रम्स:
२ वर्षं झाली ड्रम्स शिकतोय, लग्नाच्या सीझनला बँडबरोबर वाजवतो पण. गेल्या शनिवारचं रेकॉर्डिंग घरी ऐकलं तर मिनिटाला १०४ ठोक्यांवर धरलेलं गाणं संपताना ११२ वर. कीबोर्डवाला सगळ्यांसमोर बोलला, मागे कुत्रा लागलाय काय रे तुझ्या. मेट्रोनोम (ठरलेल्या लयीत टकटक करणारं यंत्र) लावला की एकदम बरोबर वाजतं, बंद केला की परत पळायला लागतं. लहानपणापासून चवथीला (गणेश चतुर्थीला) आरतीत घुमट, म्हणजे मातीचं तालवाद्य, वाजवतो, म्हणजे ताल कच्चा नाही असं मला तरी वाटतं.

फोंड्याचा_ठेका:
अरे घुमटाच्या आरतीत लय चढवायचीच असते, हळू सुरू करून शेवटी सगळी खोली हलवायची, तीच सवय हाताला लागलेली असणार. आणि मेट्रोनोमबरोबर नीट वाजतं याचा अर्थ तू त्याचं बोट धरून चालतोयस, बोट सोडलं की धडपडतोस. मी तबलेवाला, आमचं पण लेहऱ्यावर (तालाला धरून परत परत वाजणारी धून) तसंच होतं. गुरुजी अधूनमधून लेहरा बंद करायला लावायचे, तालाची दोन आवर्तनं नुसती तोंडाने बोल म्हणायचे, मग परत चालू, सम (तालाची पहिली मात्रा) जुळली तर ठीक नाहीतर पहिल्यापासून. तू पण मेट्रोनोमचा क्लिक कमी कर. १०४ च्या गाण्याला ५२ लाव आणि तो आवाज चार मात्रांपैकी २ आणि ४ वर समज. मधली घरं मग तुलाच भरावी लागतात. आणि हो, आधी ६० वर वाजवून बघ, संथ लयीत दोन मात्रांमधलं अंतर मोठं, चूक लपत नाही. आपल्याकडे गोव्याचे तबलावादक खाप्रूमामा पर्वतकर हातापायांनी एकाच वेळी वेगवेगळे ताल धरायचे, आपल्याला एक सांभाळताना नाकी नऊ.

मडगावचा_बीट:
वरचं सगळं बरोबर पण तुझा प्रॉब्लेम रोलचा आहे, बीट वाजवताना तू पळत नसशील, पैज. एका बारच्या (चार मात्रांच्या) रोलला १६ स्ट्रोक असतात, बहुतेकांना शेवटी क्रॅश (मोठी झांज) मारायची इतकी घाई असते की शेवटचे चार कोंबून टाकतात आणि पुढच्या बारचा १ लवकर येतो. त्यात पुढचा बार त्या नव्या स्पीडला धरला जातो, असे चार-पाच रोल झाले की झाले तुझे ११२. रोल चालू असताना डावा पाय हायहॅटवर (पायाने वाजणारी झांजांची जोडी) चारही मात्रांना चालू ठेव, अजिबात थांबवायचा नाही. पाय अडखळला की समज तिथेच पळतोयस. हात पायाचं ऐकेपर्यंत रोल साधाच ठेव, आठ स्ट्रोकचा.

म्हापसेकर_ड्रम्स:
आताच करून आलो. ५२ वर तिसऱ्या ओळीलाच क्लिक १ आणि ३ वर येऊन बसला, लाज वाटली. आणि पायाचं खरं आहे, रोल आला की डावा पाय आपोआप वर उचलला जातो, इतक्या दिवसांत लक्षातच आलं नव्हतं. मग यंदा चवथीला घुमट घ्यायचं नाही की काय?

फोंड्याचा_ठेका:
घे रे बाबा, नाहीतर घरचे जेवायला घालणार नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशी बँडची प्रॅक्टिस ठेवू नको.